कार्डावरचा पक्षी वाचावा कसा? लोककथा आणि शब्दखेळ उलगडण्याची नवोदितांसाठी पद्धत

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी खाली उतरले, तर पोकेमॉन किंवा यु-गि-ओह! या जपानी खेळांची कार्डे मांडून बसलेली मुले आता सहज दिसतात. डेक, म्हणजे खेळण्यासाठी निवडलेल्या कार्डांची गड्डी, कसा बांधावा आणि कोणत्या कार्डाच्या बदल्यात कोणते द्यावे, हे त्यांना शिकवणारे जाणकारही भेटतात. परंतु कार्डावरचा पक्षी मुळात कोण आहे, त्याच्या पंखात कांद्याची पात का आहे, आणि त्याचे नाव असे विचित्र का ठेवले गेले, हे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. या लेखात त्याच प्रश्नांची उत्तरे शोधण्याची पद्धत पायरीपायरीने मांडली आहे. ज्यांनी आजवर एकही डाव खेळलेला नाही, अशा पालकांना, शिक्षकांना आणि नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांना ती वापरता येईल. त्यासाठी एक कार्ड, एक वही आणि थोडा धीर एवढेच पुरेसे आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह नोंदवतो. पक्ष्याच्या कार्डात तीन धागे गुंफलेले असतात: खरा पक्षी, त्या पक्ष्याभोवती रुजलेली कथा किंवा समजूत, आणि ज्या भाषेत नाव ठेवले त्या भाषेतला शब्दखेळ. हे धागे याच क्रमाने सोडवावेत. नवोदित बहुधा शब्दखेळापासून सुरुवात करतात, कारण त्यात गंमत सर्वांत जास्त असते. मग जे जुळेल ते खरे धरून ते पुढे जातात, आणि वही चुकीच्या अर्थांनी भरते. शब्दखेळाला शेवटी हात घालावा, आणि चित्र, कार्डावरचा मजकूर किंवा खेळातला परिणाम यांपैकी कशाची तरी साक्ष मिळाली तरच तो मान्य करावा.

पायरी पहिली: कार्ड संपूर्ण वाचणे

पोकेमॉनचा कार्डांचा खेळ जपानमध्ये १९९६ साली आला आणि इंग्रजीत १९९९ साली. यु-गि-ओह! जपानमध्ये १९९९ साली आणि इंग्रजीत २००२ साली आले. या दोहोंच्या आधी, १९९३ साली, अमेरिकेत ‘मॅजिक: द गॅदरिंग’ सुरू झाले होते. तिन्ही खेळांच्या कार्डांची मांडणी वेगळी असली, तरी नाव, चित्र, प्रकार, परिणाम आणि पुष्कळदा तळाशी तिरप्या अक्षरांत छापलेली एक-दोन वाक्ये, या गोष्टी बहुतेक कार्डांवर असतात. खेळणारी मुले ती तिरपी वाक्ये वाचत नाहीत, कारण डावात त्यांचा उपयोग नसतो. आपल्या कामाचा मजकूर मात्र नेमका तिथेच असतो.

उदाहरणार्थ, पोकेमॉनच्या पहिल्या इंग्रजी संचातले ‘फारफेच्ड’ हे कार्ड घ्यावे. तपकिरी रंगाचे एक बदक पंखात हिरव्या पातीची लांब दांडी धरून उभे आहे. त्याची शक्ती, म्हणजे तो किती मार सोसू शकतो तो आकडा, अवघी ५० आहे. त्याचा पहिला हल्ला पातीचा फटका मारण्याचा असून त्यासाठी नाणे उडवावे लागते. काटा पडला तर फटका वाया जातो, आणि नाणे कसेही पडले तरी ते बदक खेळात असेपर्यंत हा हल्ला पुन्हा करता येत नाही. खालच्या मजकुरात म्हटले आहे की ही पात त्याचे शस्त्र असून तो ती तलवारीसारखी वापरतो. वहीत या सर्व गोष्टी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. फटका एकदाच का मारता येतो, असा प्रश्न समासात लिहून ठेवावा आणि लगेच उत्तर देण्याचा मोह टाळावा.

इथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्टेशनबाहेर आणि शाळांजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त पाकिटांतली कार्डे पुष्कळदा नकली असतात. लहान मुलांना त्यांवर खेळायला काही अडचण नाही, पण अभ्यासाला ती निरुपयोगी ठरतात. त्यांच्यावरची नावे चुकीची छापलेली असतात, एका पक्ष्याच्या चित्राखाली दुसऱ्याच पक्ष्याचा मजकूर असतो, आणि जिथे एकेका अक्षराला महत्त्व आहे तिथे अशा मजकुरावर काहीच उभे करता येत नाही. अस्सल पोकेमॉन कार्डाच्या जाडीत मधोमध एक काळसर थर असतो. त्यामुळे मोबाइलच्या विजेरीचा प्रकाश त्यातून फारसा आरपार जात नाही, तर नकली कार्डातून तो लख्ख दिसतो.

पायरी दुसरी: खरा पक्षी शोधणे

या पायरीवर ठाणे-नवी मुंबईकरांइतके भाग्यवान वाचक थोडेच असतील. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येते, आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत गुलाबी थवे उतरतात. कार्डावरचा पक्षी आधी डोळ्यांनी पाहता आला, तर चित्रकाराने काय ठेवले आणि काय बदलले हे चटकन लक्षात येते.

पोकेमॉनमधला ‘फ्लमिगो’ हा २०२२ साली आलेला पक्षी उघडच फ्लेमिंगो आहे. इंग्रजी नावात फ्लेमिंगोला स्पॅनिशमधला मित्रवाचक ‘अमिगो’ जोडलेला आहे. जपानी नाव ‘कारामिंगो’ असून त्यात ‘गुंतणे, वेटाळणे’ या अर्थाचे ‘कारामु’ हे क्रियापद फ्लेमिंगोत मिसळले आहे. आता चित्राकडे पाहावे. पक्ष्याच्या मानेच्या बुडाशी चक्क गाठ मारलेली आहे, आणि पोटात साठवलेली ऊर्जा चोचीवाटे निसटू नये म्हणून तो ही गाठ मारतो, असे पोकेमॉनच्या व्हिडिओ खेळातली त्याची नोंद सांगते. जपानी शब्दखेळाला चित्राने आणि मजकुराने अशी दुहेरी साक्ष दिली आहे, त्यामुळे तो निःशंकपणे वहीत लिहावा. ऐरोलीच्या बोटीतून ओहोटीच्या वेळी चिखलावर चरणारा थवा पाहिला, तर ही गाठ सुचली कशी हेही उमगते. माना खाली घालून, चोची उलट्या करून ते पक्षी चिखलपाणी गाळतात, आणि थवा दाट असला की कोणती मान कोणाची हे दुरून कळेनासे होते.

दुसरे उदाहरण पाणकावळ्याचे आहे. खाडीतल्या खांबांवर पंख पसरून वाळवत बसलेला हा काळा पक्षी आपण वाशीच्या पुलावरून नेहमी पाहतो. इंग्रजीतले त्याचे ‘कॉर्मोरंट’ हे नाव लॅटिनमधल्या ‘समुद्री कावळा’ या अर्थाच्या शब्दजोडीतून आले आहे. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर आणि युरोपात, एकमेकांची गाठ न पडता, लोकांनी या पक्ष्याला पाहून त्याच प्रकारचे नाव ठेवले. पोकेमॉनमधल्या ‘क्रॅमोरंट’ या नावात त्याच इंग्रजी शब्दाला ‘कोंबणे’ हा अर्थ चिकटवला आहे. जपानी नाव ‘उऊ’ आहे, कारण जपानीत पाणकावळ्याला ‘उ’ म्हणतात, आणि घशात काही अडकल्याचा आवाजही तसाच येतो. जपानमध्ये गिफू इथल्या नागारा नदीवर पाळीव पाणकावळ्यांकडून मासे धरून घेण्याची जुनी परंपरा आहे. पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधलेली असल्यामुळे मोठा मासा त्याला गिळता येत नाही आणि तो बाहेर ओकावा लागतो. ‘पाणकावळ्यासारखे गिळणे’ असा जपानी वाक्प्रचारही आहे, आणि विचार न करता एखादी गोष्ट खरी मानण्यासाठी तो वापरतात. खेळातला क्रॅमोरंट समोर येईल ते न पाहता गिळतो, कधी मासा तर कधी चक्क पिकाचू, आणि मग शत्रूवर ओकतो. २०२२ सालच्या एका संचातल्या त्याच्या कार्डावर तर निरागसपणे थुंकण्याच्या नावाचा हल्लाच आहे. पक्षी, मासेमारीची प्रथा, वाक्प्रचार आणि हल्ला अशी ही साखळी कुठेही न तुटता पूर्ण होते, म्हणून नवोदितांना पहिला सराव करण्यासाठी मी हेच कार्ड सुचवतो.

पक्षी ओळखताना मराठी नावांमुळे एखादवेळी घोटाळाही होतो. येऊरच्या जंगलात दिसणारा स्वर्गीय नर्तक आणि न्यू गिनीकडचे स्वर्गपक्षी यांचा एकमेकांशी निकटचा संबंध नाही. ‘मॅजिक’च्या पहिल्याच संचात जे प्रसिद्ध कार्ड आहे ते स्वर्गपक्ष्यांचे आहे. त्या पक्ष्यांची पाय कापलेली कातडी व्यापारातून युरोपात पोहोचली, तेव्हा हे पक्षी बिनपायाचे असून कधीच जमिनीवर उतरत नाहीत अशी समजूत तिथे पसरली होती, आणि १७५८ साली सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनेयसने त्यांतल्या एका जातीला ‘बिनपायाचा’ असेच शास्त्रीय नाव दिले. कार्डाच्या परिणामात पाय नाहीत, पण रंग आहेत: त्या खेळात इतर कार्डे खेळण्यासाठी जी रंगीत शक्ती खर्चावी लागते, ती हा पक्षी कोणत्याही रंगात पुरवतो.

पायरी तिसरी: मूळ भाषेतले नाव मिळवणे

इंग्रजी नाव हे बहुधा भाषांतर नसते, ते नव्याने रचलेले नाव असते. म्हणून पोकेमॉन आणि यु-गि-ओह!च्या बाबतीत जपानी नाव पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पोकेमॉनसाठी बल्बापीडिया आणि यु-गि-ओह!साठी युगिपीडिया या संकेतस्थळांवर प्रत्येक नोंदीत जपानी नाव उच्चारासह दिलेले असते. ते देवनागरीत लिहून घ्यावे. जपानी स्वर आपल्या लिपीत रोमन लिपीपेक्षा अधिक नेमके उतरतात, हा आपला एक फायदाच आहे.

आर्टिकुनो, झॅपडॉस आणि मॉल्ट्रेस या तीन पक्ष्यांच्या नावांच्या शेवटी स्पॅनिशमधले एक, दोन, तीन दडलेले आहेत, हे पुष्कळ मुलांना ठाऊक असते. जपानीत मात्र त्यांची नावे फ्रीझर, थंडर आणि फायर अशी सरळसाधी आहेत, त्यांत आकड्यांचा मागमूस नाही. शब्दखेळ पूर्णपणे इंग्रजी नावे ठेवणाऱ्यांचा आहे, आणि वहीत तो त्यांच्याच नावावर लिहावा. याच्या उलट ‘हाँचक्रो’ या कावळ्याच्या टोळीप्रमुखाच्या इंग्रजी नावातला ‘मुखिया’ या अर्थाचा शब्द मुळात जपानी ‘हानचो’ आहे, आणि जपानी नावात मात्र माफियांच्या प्रमुखाला लावतात तो परदेशी ‘डॉन’ आहे.

आता फारफेच्डकडे परत यावे. त्याचे जपानी नाव ‘कामोनेगी’ आहे. ‘कामो’ म्हणजे रानबदक आणि ‘नेगी’ म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याची लांब, जाड दांड्याची जपानी बहीण. ‘बदक पाठीवर नेगी घेऊन येते’ अशी जपानीत म्हण आहे. बदकाच्या रश्शात नेगी हवीच असते, त्यामुळे शिकारच भाजी घेऊन दारात आली तर आणखी काय हवे! आपल्याकडे ‘दुधात साखर’ म्हणतात त्याच्या जवळचा हा अर्थ आहे, पण जपानी म्हणीत एक कडवट छटाही आहे. ‘कामो’ हा शब्द सहज फसणाऱ्या माणसालाही लावतात, आणि असा भोळा स्वतः होऊन फायद्याची आणखी एखादी गोष्ट हातात देतो, तेव्हा ही म्हण वापरली जाते.

म्हण समजल्यावर कार्डावरचा बापडा पक्षी वेगळाच दिसू लागतो. ज्या पातीला तो तलवार समजतो, ती त्याच्याच रश्शाची भाजी आहे. इंग्रजी नाव ठेवणाऱ्यांना ही म्हण आपल्या वाचकांपर्यंत पोहोचवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ‘विश्वास बसणार नाही असे, ओढूनताणून आणलेले’ या अर्थाचा शब्द घेतला. स्वतःची भाजी स्वतः आणणारे बदक ही गोष्ट खरोखरच विश्वास न बसण्याजोगी आहे, आणि त्याच शब्दात ‘दुरून आणलेले’ हा अर्थही आहे. मला हे नामकरण फार उंचीचे वाटते. म्हण सोडून दिली, पण म्हणीमागचे आश्चर्य सोडले नाही.

जपानी नोंदीत त्याचा प्रकार ‘कारुगामो’ असा दिला आहे, आणि कारुगामो हा आपल्या हळदी-कुंकू बदकाचा जवळचा भाऊबंद आहे. चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू लावलेले हे बदक नवी मुंबईच्या पाणथळ जागी जोडीने पोहताना दिसते. जपानी भावाच्या चोचीवर हळद तेवढी आहे, कुंकू नाही.

२०१९ साली या बदकाचे पुढचे रूप आले. इंग्रजीत ते सरदारकीचा ‘सर’ लावून ‘सरफेच्ड’ झाले, आणि पात आता भाला आणि ढाल झाली. जपानी नाव ‘नेगिगानाइतो’ आहे. ते एका दमात म्हटले तर ‘नेगी-नाइट’, म्हणजे पातीचा सरदार, असे ऐकू येते, आणि तोडून म्हटले तर ‘नेगी गा नाइ तो’, म्हणजे ‘नेगी नसेल तर…’ असे अर्धे वाक्य होते. त्या वाक्याचा उरलेला भाग खेळातल्या नोंदीत सापडतो: पात सुकली की हा सरदार लढाईतून निवृत्त होतो. पहिल्या पायरीवर समासात लिहिलेल्या प्रश्नाकडे आता पुन्हा पाहावे. फटका एकदाच मारता येतो, कारण भाजीची पात तलवारीसारखी टिकत नाही, असे अनुमान करायला आता आधार आहे. मात्र वहीत त्याच्यापुढे ‘अनुमान’ असेच लिहावे.

पायरी चौथी: कथेपर्यंत जाणे

कथा शोधताना मराठी वाचकाच्या हाती दोन गोष्टी येतात. एक म्हणजे ओळखीची सामग्री, आणि दुसरी म्हणजे त्या ओळखीमुळे होणारी दिशाभूल. दोन्हींची उदाहरणे पाहू.

यु-गि-ओह!मध्ये ‘गरुडा द विंड स्पिरिट’ हे कार्ड आहे. त्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘ब्लॅकविंग’ या काळ्या पंखांच्या फौजेतल्या पक्ष्यांना जगभरच्या वाऱ्यांची नावे आहेत: सिरोको, मिस्ट्राल, बोरा, आणि त्यांच्या रांगेत आपला वायूही आहे. गरुडाचा प्रवास मात्र याहून लांबचा आणि अधिक रंजक आहे. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे ‘कारुरा’ झाला. नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिरात आठव्या शतकातली, चोच असलेली त्याची मूर्ती आजही आहे. जपानी लोककथांतला ‘तेंगू’ नावाचा डोंगरात राहणारा, कावळ्याच्या चोचीचा प्राणी या कारुराच्या रूपावरून घडला असावा, असे अभ्यासक मानतात. यु-गि-ओह!मध्ये ‘रीबॉर्न तेंगू’ उघडपणे आहे. पोकेमॉनमध्ये तो ‘शिफ्ट्री’च्या ‘दातेंगू’ या जपानी नावात लपला आहे, आणि त्या प्राण्याच्या हातांच्या जागी असलेले पानांचे पंखे ही तेंगूच्या पंख्याची खूण आहे. शिफ्ट्री पक्षी नाही, त्याला उडताही येत नाही, तरी त्याच्या नावाचा माग काढत गेल्यास आपण गरुडापर्यंत येऊन पोहोचतो.

दिशाभूल होते ती घुबडाच्या बाबतीत. आपल्याकडे घुबड लक्ष्मीचे वाहन असूनही त्याचे ओरडणे अशुभ मानतात, आणि कोणाला ‘घुबड’ म्हणणे ही शिवीच आहे. ही समजूत मनात ठेवून पोकेमॉनमधल्या ‘राउलेट’ या गोंडस घुबडाकडे पाहिले, तर त्यात काही काळेबेरे शोधण्याचा मोह होतो. पण जपानीत घुबडाला ‘फुकुरो’ म्हणतात, आणि त्याच उच्चाराची अक्षरे ‘कष्टाविना’ अशा अर्थाने लिहिता येतात. त्यामुळे जपानमध्ये घुबडाच्या लहान मूर्ती शुभ म्हणून देतात. राउलेटचे जपानी नाव ‘मोकुरो’ असून त्यात ‘मोकु’ म्हणजे लाकूड आणि फुकुरोचा शेवट एकत्र आले आहेत. त्या घुबडात अशुभ असे काहीच नाही.

कावळ्याच्या बाबतीत तर दोन्ही देशांच्या समजुती समोरासमोर ठेवून वाचाव्यात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळलेली माणसे आपण पाहिली आहेत, आणि सकाळी खिडकीत कावळा ओरडला की पाहुणा येणार असे घरातली मोठी माणसे म्हणतात. म्हणजे आपला कावळा दोन जगांमध्ये निरोप नेणारा आहे. जपानच्या ७१२ आणि ७२० साली पूर्ण झालेल्या दोन प्राचीन ग्रंथांत ‘यातागारासु’ नावाचा कावळा आहे, जो जिम्मु या पहिल्या सम्राटाला कुमानोच्या डोंगरातून यामातोपर्यंत वाट दाखवतो. तीन पायांचे त्याचे रूप चिनी परंपरेतल्या सूर्यातल्या कावळ्यावरून आले, आणि आज ते जपानच्या फुटबॉल संघटनेच्या बोधचिन्हावर आहे. यु-गि-ओह!मध्ये त्याच नावाचे कार्ड आहे. त्याची हल्ल्याची शक्ती अवघी २०० आहे, पण त्याने प्रतिस्पर्ध्याला इजा केली की प्रतिस्पर्ध्याला पुढच्या फेरीत नवे कार्ड उचलता येत नाही. या एका परिणामामुळे ते कार्ड दीर्घकाळ बंदीच्या यादीत होते. वाट दाखवणारा कावळा इथे समोरच्याची वाट अडवतो, आणि ‘स्पिरिट’ वर्गातला असल्यामुळे ज्या फेरीत खेळात उतरतो त्याच फेरीच्या शेवटी हातात परत जातो. मला हे वाचताना पिंडाला शिवून क्षणात उडून जाणारा कावळा आठवतो, परंतु ते केवळ माझे आठवणे आहे, कार्ड बनवणाऱ्यांच्या मनात ते होते असे म्हणता येणार नाही.

फिनिक्सच्या जातीचे पक्षी तिन्ही खेळांत इतके आहेत की नवोदिताने दोनच भेद ध्यानात ठेवावेत. पश्चिमेकडचा फिनिक्स जळतो आणि राखेतून पुन्हा जन्मतो. यु-गि-ओह!मधला ‘सेक्रेड फिनिक्स ऑफ नेफ्थिस’ एखाद्या कार्डाच्या परिणामाने नष्ट झाल्यावर पुढच्या फेरीत स्वतः परततो, तो याच परंपरेतला आहे. पोकेमॉनमधल्या ‘हो-ओ’चे नाव मात्र चिनी फेंगह्वांगच्या जपानी रूपावरून, ‘होओ’वरून आले आहे. हा पक्षी जळत नाही, चांगल्या राज्यकर्त्याच्या काळात तो दर्शन देतो अशी समजूत आहे. जपानमध्ये उजी इथल्या ब्योदोइन मंदिराच्या १०५३ साली बांधलेल्या सभागृहाच्या छपरावर त्याची जोडी बसलेली आहे. आणि ग्रीक भाषेत फिनिक्स या शब्दाचा संबंध किरमिजी रंगाशी असून फ्लेमिंगोचे शास्त्रीय नाव त्याच शब्दावरून ‘किरमिजी पंखांचा’ असे ठेवले आहे. मराठीत फ्लेमिंगोला ‘अग्निपंख’ म्हणतात, म्हणजे खाडीवर दरवर्षी येणाऱ्या या पाहुण्याला आपणही आगीचेच पंख दिले आहेत.

सीमुर्गची कथा थोडक्यात सांगतो. यु-गि-ओह!मध्ये ‘सिमोर्ग’ नावाचे बरेच पक्षी आहेत. बाराव्या शतकातले फारसी कवी अत्तार यांच्या काव्यात सगळे पक्षी आपला राजा सीमुर्ग याला शोधायला निघतात, आणि शेवटी तीसच पक्षी पोहोचतात. फारसीत ‘सी’ म्हणजे तीस आणि ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी, म्हणून ज्याला शोधत होते ते आपणच आहोत हे त्यांना उमगते. शब्दखेळावर संपूर्ण कथा उभी राहिल्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

पायरी पाचवी: परिणामाशी ताडून पाहणे

इथे फार वेळ लागत नाही. कार्ड खेळात काय करते, ते एका वाक्यात लिहावे आणि कथेशी जुळते का ते पाहावे. ग्रीक कथांमधल्या हार्पी या अर्ध्या स्त्री, अर्ध्या पक्षी असलेल्या प्राण्यांचे नाव ‘हिसकावणे’ या क्रियेवरून आले आहे. आंधळ्या फिनियस राजाच्या ताटातले अन्न त्या पळवत आणि उरलेले घाण करून ठेवत. यु-गि-ओह!मध्ये मात्र ‘हार्पीचा पिसांचा झाडू’ हे कार्ड प्रतिस्पर्ध्याचे सगळे मंत्र आणि सापळे एका फटक्यात साफ करते. ज्यांनी ताट नासवले, त्यांच्याच पिसांनी इथे झाडलोट होते. कथा उलटवलेली असली तरी ती ओळखू येते, आणि ओळखू येते म्हणूनच उलटवण्यात मजा आहे.

पायरी सहावी: साम्य आणि उगम वेगळे ठेवणे

‘डोडुओ’ हा दोन डोक्यांचा, न उडणारा पक्षी आहे. मॉरिशसमधून नामशेष झालेला डोडो आणि ‘जोडी’ या अर्थाचा शब्द मिळून हे नाव झाले. त्याचे पुढचे रूप ‘डोड्रिओ’ तीन डोक्यांचे आहे. पंचतंत्र वाचलेल्या मराठी माणसाला इथे भारुंड पक्षी आठवल्याशिवाय राहत नाही: पोट एक, माना दोन. एका तोंडाला गोड फळ मिळाले, त्याने दुसऱ्याला त्यातले दिले नाही, दुसऱ्याने रागाने विषारी फळ खाल्ले आणि दोघेही मेले. डोड्रिओच्या एका नोंदीत नेमके उलट लिहिले आहे: एका डोक्याने खाल्ले की बाकीचीही तृप्त होतात आणि त्यांचे भांडण थांबते.

ही जुळणी पाहून हर्ष होणे स्वाभाविक आहे, पण जपानी चित्रकारांनी पंचतंत्रावरून हा पक्षी घेतला असे लिहिणे चूक ठरेल. नावात डोडो आहे, भारुंड नाही. त्यामुळे वहीत दोन रकाने आखावेत. ‘उगम’ या रकान्यात फक्त नावाने, चित्राने, मजकुराने किंवा बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या निवेदनाने सिद्ध होणारी गोष्ट लिहावी. ‘साम्य’ या रकान्यात भारुंड, किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला गंडभेरुंड, पिंडाचा कावळा, असे जे आठवेल ते मोकळ्या मनाने लिहावे. दुसरा रकाना कमी दर्जाचा मुळीच नाही. मराठी वाचकाला या खेळात स्वतःचे काही भर घालता येते ती तिथेच. त्यासाठी एखादा चांगला पक्षिकोश आणि संस्कृतिकोश हाताशी असावा. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयांत शोधाला सुरुवात करणे चांगले.

पायरी सातवी: एक कार्ड स्वतः रचणे

दुसऱ्याच्या कार्डातली वीण कळली की स्वतः एक विणून पाहावी. त्यासाठी मी टिटवी सुचवतो. खारघर किंवा उलवे भागातल्या मोकळ्या माळावर ती खड्यांमध्ये, जमिनीवरच अंडी घालते, आणि जवळ गेले की ‘टिटीव-टिटीव’ असा गलका करते. तिचे नाव तिच्या हाकेवरूनच पडले आहे. आभाळ कोसळले तर तोलून धरावे म्हणून ती पाय वर करून झोपते, अशी लोकसमजूत आहे. समुद्राने अंडी नेली म्हणून टिटवीने समुद्राशी वैर धरल्याची कथा पंचतंत्रात आहे, आणि ‘टिटवीदेखील समुद्र आटवते’ ही म्हण मराठीत आहे. कामोनेगीप्रमाणेच इथेही पक्षी, समजूत आणि म्हण तिन्ही तयार आहेत.

नाव ठेवताना ‘आटवणे’ आणि ‘टिटवी’ एकमेकांत सरकवून ‘आटिटवी’ करता येईल. चित्रात ती उताणी, पाय आभाळाकडे करून असावी. शक्ती अगदी कमी, ४० च्या आसपास ठेवावी. हल्ला ‘चोचभर उपसा’ असावा: दर फेरीला प्रतिस्पर्ध्याच्या जलप्रकारच्या कार्डावर एक खूण ठेवावी, पहिल्या काही खुणांनी काहीच होऊ नये, आणि ठरावीक खुणा जमल्या की त्या कार्डाची सगळी ऊर्जा एकदम निघून जावी. डेकमध्ये गरुड असेल तर खुणा दुप्पट वेगाने जमाव्यात, कारण कथेत पक्ष्यांचे गाऱ्हाणे गरुडामार्फत विष्णूपर्यंत पोहोचते आणि मग समुद्र नमतो. कार्ड पूर्ण झाल्यावर ते कथा माहीत नसलेल्या एखाद्या मुलाच्या हातात, काहीही न सांगता द्यावे आणि पक्षी कोणता, तो काय करतो, नाव असे का, हे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली आणि तिसऱ्याचे अडले, तर नावाची जुळवणी पुन्हा करावी. पहिल्याच प्रश्नाला अडले, तर चित्र पुन्हा काढावे. त्यानंतर पावशा घ्यावा. पावसाच्या तोंडावर ओरडणाऱ्या या पक्ष्याच्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे ऐकू येते, त्यामुळे त्याच्या कार्डावरच्या चालीचे नाव आयतेच मिळाले आहे.